खाम नदीविरुद्ध बशीर वकील

आमच्या शेजारचे बशीर वकील ज्या अशिलाची बाजू मांडत, तो मरून किती लाख वर्षं झाली हे खुद्द वकीलसाहेबांनाही सांगता येत नसे. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, अंगावर कपडा होता की नव्हता तेही ठाऊक नाही. पण त्याच्याविषयी ते बोलायचे असं, की गडी आत्ताच ओट्यावर पान खाऊन गेलाय आणि पुढच्या तारखेला वेळेवर हजर राहणार आहे.

"माझा अशील खामच्या काठी राहायचा," ते सांगत. "हे दगड त्यानं हातानं घडवले. समोरची बाजू म्हणते, पाण्यात आपटून आपोआप फुटले. वाद एवढाच आहे."

समोरची बाजू म्हणजे खाम नदी. आणि नदीचं वकीलपत्र होतं माझ्याकडे.

ही गोष्ट निजामाच्या अमलातल्या औरंगाबादची. बेगमपुऱ्यात आमची आणि वकीलसाहेबांची भिंतीला भिंत. ओटा तर एकच, मधे गुडघाभर उंचीचा कठडा. मी नुकती लग्न होऊन नगरहून आले होते. नगर इंग्रजी मुलखात. तिथं रविवारी सुट्टी, इथं शुक्रवारी. एवढ्या एका गोष्टीवरून मी ठरवून टाकलं होतं, की हा मुलूख अजून बराच मागं आहे आणि त्याला पुढं आणायला देवानं मला पाठवलंय. मी सात यत्ता शिकले होते. सातवीच्या पुढं जगात शिकण्यासारखं काही उरत नाही, असा माझा पक्का समज. परवा माझी नात एम.एस्सी.चं पुस्तक आपटून म्हणाली, "आजी, जितकं वाचावं तितकं काही येत नाही असं वाटतं." मी म्हटलं, "तुझं चुकलंच. सातवीत थांबायचं होतंस."

तर वकीलसाहेब. उंच, वाळके, दाढी मेंदीनं तांबूस केलेली, शेरवानी काळी. शुक्रवारी दुपारी नमाज आटोपली की तशाच शेरवानीत ते नदीवर जायचे आणि उन्हं कलताना परत यायचे ते दोन्ही खिसे दगडांनी लोंबत. शिंप्याकडून त्यांनी खिशांना आतून गोणपाटाचं अस्तर लावून घेतलं होतं. बाहेरून मुनसफीच्या अदालतीत शोभेल अशी शेरवानी, आतून गवंड्याचं घमेलं. मोहल्ल्यातली पोरं त्यांना 'पत्थर वकील' म्हणत. ही पदवी त्यांना आपल्या सनदेपेक्षा प्यारी होती.

कुठल्याही बोलण्यावर पुरावा मागणारा त्यांचा एकच सवाल असे : "हौ, पण शहादत काय?" भाजीवाला म्हणाला वांगी ताजी आहेत, की "शहादत काय?" माझ्या सासूबाईंना सगळे माई म्हणत. त्या एकदा म्हणाल्या, "आज पाऊस येतोय बघा."

"शहादत काय, भाभी?"

"माझा गुडघा."

"गवाह मोतबर आहे," म्हणून वकीलसाहेबांनी वाळत घातलेलं पायजम्याचं धुणं आत नेलं. आणि पाऊस आला.

अदालतीत त्यांचं नाव वाईट नव्हतं, पण लक्ष दगडात. फुलंब्रीचा एक शेतकरी बांधाच्या भांडणात त्यांच्याकडं आला. शेजाऱ्यानं बांधावरचा दगड उपटून फेकला, म्हणून पुरावा म्हणून तो दगडच खांद्यावर घेऊन आला होता बिचारा. वकीलसाहेबांनी चष्मा चढवला आणि दगड पालथा-उलथा करत विचारायला लागले, हा नदीतला की डोंगरातला, आणखी असे आहेत का, खाली माती कसली होती. शेवटी तो म्हणाला, "साहेब, दगड ऱ्हाऊ द्या. माझं वावर चाललंय." खटला जिंकले, खोटं कशाला बोलू. पण जिंकल्यावर फी म्हणून तोच दगड मागितला. शेतकरी हात जोडून म्हणाला, "दगड तुम्हाला दिला तर बांध कशानं दाखवू? मग पुन्हा तुमच्याकडंच यावं लागंल."

मी या प्रकरणात शिरले ती आगाऊपणानं. एका शुक्रवारी वकीलसाहेब कठड्यापलीकडून माईंना दगड दाखवत होते. माई ओट्यावर जोंधळे निवडत हं हं करत होत्या. मी दाराच्या आत. नवी सून, परक्या पुरुषासमोर यायची चाल नव्हती. पण ऐकायची होती. वकीलसाहेब म्हणाले, "हा दगड माणसाशिवाय फुटूच शकत नाही," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नदीत दगड दगडावर आपटतात. न फुटायला काय झालं?"

माईंचा हात जोंधळ्यात थांबला.

"कोण बोललं?" वकीलसाहेब.

"आमची सून," माई म्हणाल्या. "नगरची हाय."

मला वाटलं आता संपलं. पण वकीलसाहेब ताठ बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "शाबास. नदीच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. एकतर्फी निकाल मला नको. अदालतीत पडदानशीन बायका पडद्याआडून जबानी देतात, तशा सूनबाई दाराआडून बोलतील. भाभी, तुम्ही मुनसिफ, निकाल देणार."

"मला जोंधळं निवडायचंत," मुनसिफ म्हणाले.

"निवडत निवडत ऐका. आमचे मुनसिफ झोपत झोपत ऐकतात."

तेव्हापासून दर शुक्रवारी आमच्या ओट्यावर पेशी, म्हणजे सुनावणी, होऊ लागली. दार अर्धं उघडं, दाराआड मी, पदर खोचून. मला नदीबद्दल काडीची माहिती नव्हती, पण वाद जिंकायला माहिती लागत नाही हे मला माहेरीच कळलं होतं.

वकीलसाहेबांची दलील मात्र विचार करून केलेली असे. गारगोटीवर नेमका घाव बसला की टवका उडतो, आणि घाव बसला तिथं आतून छोटं टेंगूळ येतं, ते बोट फिरवून दाखवत. म्हणत, "नदी मारते ती वेड्यासारखी, चहूकडून. माझा अशील मारतो तो एका कडेनं, ओळीनं. दिवाळीला भाभी करंजीची कड मुरडतात ना, तसं. करंजी कधी आपोआप मुरडली जाते काय?"

दाराआडून मी म्हणे, "एवढे लाखो दगड आहेत, त्यातला एखादा चुकून ओळीत फुटणारच. आणि माणूस होता तर त्याची हाडं कुठायत? चूल कुठाय?"

"कातिल सापडला नाही, म्हणून खून झालाच नाही असं म्हणता येतं?"

"खून झालाय याला शहादत काय?" मी म्हटलं. माई खुदकन हसल्या. वकीलसाहेबांनी आपलंच हत्यार आपल्यावर आलेलं बघून दाराच्या दिशेनं आदाब केला.

मग मी गाड्यांचा मुद्दा काढला. नदीच्या उतारातून रोज बैलगाड्या जातात, चाकाच्या लोखंडी धावेखाली दगड चिरडतात, त्याचे हे टवके. यावर दुसरा कुणी उसळला असता. वकीलसाहेब दुसऱ्या शुक्रवारी उतारात जाऊन बसले आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकाखाली गारगोट्या ठेवू लागले. गाडीवाल्यांनी त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या त्यांनी परत येऊन मुनसिफांना सांगितल्या नाहीत. "ऐकण्यासारख्या होत्या" एवढंच म्हणाले. फुटलेले तुकडे घरातल्या तुकड्यांशी ताडून पाहिले आणि निम्मी टोपली त्यांनी स्वतःच्या हातानं आमच्या परसात ओतली. "हे गाडीनं फोडले असतील. सूनबाई बरोबर आहेत. माझ्या अशिलाला दुसऱ्याचा माल नको."

मी फुगून टम्म. रात्री हे जेवायला बसले तर त्यांना वाढता वाढता म्हटलं, "आज नदी जिंकली."

ह्यांचा घास हातात राहिला. "पूर आला?"

एकदा मी विचारलं होतं, "वकीलसाहेब, तुमच्या अशिलाचा वारस नाही, कागद नाही, फी कोण देणार? कशाला घेतलंत हे प्रकरण?"

"त्याचं कुणी नाही म्हणून तर घेतलं," ते म्हणाले. "ज्याचं कुणी असतं त्याला वकील मिळतोच." मला ते वकिली बोलणं वाटलं. पलीकडचं घर माझ्या डोळ्यासमोर होतं : बेगम कधीच वारलेली, लेक हैदराबादेत दिलेली, एक बावर्ची दुपारी येऊन रांधून जायचा, की मग त्या घरातून भांड्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. पण मी सातवी पास. मला घर दिसायचं, त्यातली शांतता ऐकू येत नव्हती.

वकीलसाहेबांनी हैदराबादेला अर्जावर अर्ज केले होते. एका हिवाळ्यात त्याचं फळ आलं. जुन्या वस्तूंची पारख असलेले तिथले एक साहेब वेरूळची लेणी बघायला यायचे होते, ते वाटेत तासभर वकिलांकडं थांबणार होते. त्या आठवड्यात वकीलसाहेब धड जेवले नसावेत. साहेबांनी 'माणूस' म्हटलं तर अशिलाचं प्रकरण सरकारदरबारी दाखल होणार होतं. 'नदी' म्हटलं, तर इतक्या वर्षांचे सगळे दगड पुन्हा नुसते दगड होणार होते. त्यांनी ओटा धुऊन घेतला, वर हिमरूची चादर अंथरली आणि दगड असे मांडले, जसे लग्नात रुखवत मांडतात. मग कठड्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "भाभी, चहा तुमच्याकडून आला तर मेहेरबानी. माझा बावर्ची चहात वेलची नाही, सूड घालतो."

साहेब आले. गोरेपान, थोडक्यात बोलणारे. खाली बसले आणि एकेक दगड उचलून बाजूला टाकू लागले. "नदी." "नदी." "यह गाड़ी." "नदी." दाराआड माझी छाती फुगत होती आणि ओट्यावर वकीलसाहेबांचे खांदे उतरत होते. चादर निम्मी मोकळी झाली.

मग साहेबांचा हात थांबला. तळहाताएवढा, जांभळट दगड. एक बाजू खरबरीत, दुसरी हातात धरून धरून व्हावी तशी गुळगुळीत. त्यांनी खिशातून भिंग काढलं. "यह कहाँ मिला?"

"काठाच्या कपारीत, जनाब. थरात घट्ट रुतलेला. माझ्या अंदाजानं माझा अशील यानं कातडं खरवडायचा."

साहेब बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "इसको आदमी का हाथ लगा है. बरसों लगा है. यह मैं लिखूँगा."

वकीलसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला, एवढंच.

साहेबांनी दगड उन्हात फिरवला, त्यातली पांढरी वाकडी शीर चमकली, आणि माझ्या शेजारी चहा घेऊन उभ्या असलेल्या माईंच्या हातातल्या कपबशा किणकिणल्या.

ती माईंची टाच घासायची वज्री होती.

आम्ही बायका नदीवर वाकळा धुवायला जायचो. धुणं झालं की पाण्यात पाय सोडून टाचा घासायच्या. जिची तिची वज्री ठरलेली. ओला दगड घरी कोण वागवणार, म्हणून जी ती आपली वज्री काठाच्या कपारीत खोल ठोकून ठेवायची, दुसरीनं घेऊ नये म्हणून. माईंनी लग्न होऊन आल्यापासून ती एकच वापरली होती, आणि हल्लीच ती कपारीतून नाहीशी झाली होती. ही रीत वकीलसाहेबांना ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण बायका पाण्यावर असेपर्यंत ते त्या अंगाला फिरकतच नसत. वर चिंचेखाली नदीकडं पाठ करून उभे राहायचे. शेवटची बांगडी वाजायची थांबली की मगच खाली उतरायचे. थोडे कमी सभ्य असते तर हा घोटाळा झालाच नसता.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. काय वाक्य होतं महाराजा. इतक्या शुक्रवारांचा निकाल त्या एका वाक्यात होता, तोही हैदराबादच्या साहेबासमोर. मी तोंड उघडलं आणि माईंनी माझ्या दंडाला असा चिमटा घेतला, की त्याची आठवण आजही थंडीत दुखते.

"गप," त्या पुटपुटल्या. "मिळू दे त्यांना."

आणि पदर सावरून चहा घेऊन बाहेर गेल्या. कपबशा ठेवल्या. ठेवताना, कुणाच्या ध्यानातही आलं नसतं इतकं हळू, त्यांनी आपल्या दोन्ही टाचा लुगड्याच्या घोळात ओढून घेतल्या.

वकीलसाहेबांच्या ते ध्यानात आलं. गवाहाचे पाय बघायची त्यांची सवय. म्हणायचे, माणूस तोंडानं खोटं बोलतो, पायाला शिकवायचं विसरतो. त्यांनी टाचांकडं पाहिलं, मग दगडाकडं, मग नदी होती त्या दिशेला. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मला फटीतून दिसलं.

"भाभी," ते म्हणाले, "हा दगड तुम्ही ओळखता?"

"दगडासारखा दगड. मी काय ओळखू?"

"कधी हातात घेतलाय?"

"नाय."

"आठवून सांगा."

"नाय म्हणलं ना. चहा निवंल, प्या."

साहेब दोघांकडं पाहत होते. वकीलसाहेबांना एक शब्दही बोलायची गरज नव्हती. साहेब लिहिणार होते, अशील जिंकलेला होता. त्यांनी हात पुढं केला, साहेबांच्या हातातून दगड हलकेच काढून घेतला आणि आपल्या मांडीखाली ठेवला.

"जनाब, हा गवाह मी परत घेतो."

"क्यों? यही तो आपका सबसे अच्छा गवाह है."

"फार चांगला आहे. पण वय वाढवून सांगतोय."

साहेबांना कळलं की नाही, देव जाणे. त्यांनी माईंकडं पाहिलं, माई आभाळाकडं पाहत होत्या. ते हसले, चहा प्याले, आणि मग एक गोष्ट केली जी त्यांनी करायची काही गरज नव्हती. बाजूला टाकलेला ढीग पुन्हा पुढं ओढला. हातातलं सोनं जो माणूस स्वतःहून टाकतो, त्याची माती तरी नीट बघावी, असं त्यांना वाटलं असेल. यावेळी सावकाश, एकेक दगड भिंगाखाली. बऱ्याच वेळानं दोन लहानसे टवके चादरीवर वेगळे निघाले. ओळीनं फुटलेल्या कडा, आणि त्या कडांवर चुनखडीचं जुनं कवच, म्हणजे फूट ताजी नाही, ते कवच चढायच्या आधीची. साहेब म्हणाले, "इनको मैं 'हाँ' नहीं कहता. मगर 'नहीं' भी नहीं कह सकता. ये मैं साथ ले जाऊँगा. फ़ैसला मुल्तवी."

टांगा वळला, तसे वकीलसाहेब दाराकडं वळून म्हणाले, "सूनबाई, ऐकलंत? मुल्तवी. इतकी लाख वर्षं त्याचं प्रकरण दाखलच नव्हतं. आज तारीख पडली."

मी नदीची वकील. मी म्हणायला हवं होतं, तारीख पडली म्हणजे निकाल नव्हे. मी म्हटलं, "मुबारक, वकीलसाहेब." माझं पहिलं उर्दू.

निकाल अजून लागलेला नाही बरं का. पुढं बरेच जण आले, काठ बघून गेले. कुणी म्हणतं माणूस, कुणी म्हणतं पाणी, आणि भांडतात अगदी आमच्या ओट्यावर भांडायचो तसंच. नात सांगते, त्यात नव्या यंत्रांनी भर पडलीय. मला बरं वाटतं. अशिलाचं नाव अजून पुकारलं जातंय.

पण त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी काय झालं ते सांगायचं राहिलं. वकीलसाहेब कठड्यापाशी आले. हातात माईंची वज्री, धुऊन स्वच्छ केलेली. माईंनी ती बघितली आणि तुळशीला पाणी घालायला लागल्या.

"भाभी," ते म्हणाले, "सारी उमर अदालतीत गेली. म्हशीसाठी, विहिरीसाठी, हातभर जमिनीसाठी माणसं खोटं बोलताना ऐकली. कुणी भावासाठी, कुणी बापासाठी. मी समोर उभा राहून विचार करायचो, प्रत्येकाला असा कुणीतरी असतो." त्यांनी वज्री या हातातून त्या हातात घेतली. "माझ्यासाठी कुणी खोटं बोलल्याचं आज पहिल्यांदा ऐकलं."

माईंनी तांब्या खाली ठेवला. "खोटं कोण बोललं? म्हातारी झाले, दिसत नाय नीट. दगड वळखला नाय."

"हौ," वकीलसाहेब म्हणाले. "तर मग हा बेवारस आहे. मी ठेवून घेऊ?"

"ठेवा की. पण मला दुसरी आणून द्या. टाचा फुटायचे दिवस हायेत. तुम्हाला दगडातलं लई कळतं म्हणं."

पुढच्या शुक्रवारी वकीलसाहेब नदीवरून आले ते गोणपाटाचे दोन्ही खिसे भरून. कठड्यावर त्यांनी एकेक दगड मांडला. माई अंगठा फिरवून बघायच्या आणि बाजूला सारायच्या. हा लई गुळगुळीत. हा बोचतोय. हा हातात बसत नाय. प्रत्येक दगडासाठी वकीलसाहेब हात हलवून हलवून बाजू मांडत होते, जोंधळे तसेच सुपात पडले होते, आणि पलीकडं बावर्ची जेवण झाकून केव्हाच निघून गेला होता. बऱ्याच वेळानं एक खरबरीत, जांभळट दगड माईंनी तळहातावर तोलला.

"हा चालंल," त्या म्हणाल्या. "बसा आता. भाकरी टाकलीय, इथंच खा."